गोदामाचं यार्ड आणि डॉक: सॉफ्टवेअर आखताना सुरुवात कुठून करावी?

कुपवाडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका गोदामासाठी यार्ड (गाड्या उभ्या करायचं आवार) आणि डॉक (माल चढवायचे-उतरवायचे फलाट) यांचं सॉफ्टवेअर आखायचं आहे. एका बाजूला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, दुसऱ्या बाजूला हळदीचं कोरडं गोदाम आणि दोन्हींच्या मध्ये एकच यार्ड. डॉक आठ: कोल्डकडे तीन, हळदीकडे पाच. फाटकं दोन, वजनकाटा एकच, ६० टनी. हंगामात दिवसाला ६० च्या आसपास गाड्या येतात. त्यात पिकअप, सहाचाकी, दहाचाकी, ३२ फुटी कंटेनर आणि अधूनमधून ४० फुटी ट्रेलर असतात.

सध्या सगळं वहीत चालतं. फाटकावर एक वही, काट्यावर दुसरी, डॉक सुपरवायझरकडे तिसरी. तिन्हींतल्या वेळा जुळत नाहीत. त्यामुळे ट्रान्सपोर्टरचं हॉल्टिंगचं (गाडी थांबवून ठेवल्याच्या भाड्याचं) बिल आलं की ते तपासायला हातात काहीच नसतं.

माझा कच्चा आराखडा असा: एसटीच्या आरक्षणासारखा तक्ता, आडवे डॉक आणि उभे तास, प्रत्येक गाडीला एक तासाचा स्लॉट. फाटकावर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. चालकासाठी मोबाईल ॲप. पहिल्या टप्प्यात यातलं काय घ्यावं? एक तासाचा स्लॉट चालेल का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

रांगेचं_गणित

स्क्रीन आखण्याआधी आकडे मांडून बघा. दहा तासांत ६० गाड्या म्हणजे तासाला ६. गाडी लावणं, भरणं-उतरवणं आणि डॉक मोकळा करणं मिळून सरासरी सव्वा तास धरला तर ६ गुणिले १.२५ म्हणजे साडेसात डॉक सतत अडकलेले. तुमच्याकडे आठ, म्हणजे वापर ९४ टक्के. गाड्या ठरल्या अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकीचं काम सारख्या वेळेत उरकत नाही. त्यामुळे वापर ८५ टक्क्यांच्या वर गेला की रांग झपाट्याने वाढते.

त्यातही हे आठ डॉक एकमेकांच्या जागी चालत नाहीत. समजा ६० पैकी २५ गाड्या कोल्डकडच्या. तासाला अडीच गुणिले सव्वा म्हणजे ३.१२ डॉक लागणार आणि आहेत तीन. ही रांग दिवसभरात संपणारच नाही, स्लॉट कितीही नेटके आखा. हळदीकडे ३५ गाड्या धरल्या तर ४.३७ डॉक, पाचपैकी. म्हणजे तिकडे थोडा श्वास आहे. कोल्डकडचा सव्वा तास एका तासावर आणता आला तर वापर ८३ टक्क्यांवर येतो. म्हणून पहिला प्रश्न असा: त्या सव्वा तासातला कोणता भाग कमी होऊ शकतो? त्याचं उत्तर सध्या तुमच्याकडे नाही, कारण तिन्ही वह्यांतल्या वेळा जुळत नाहीत.

पार्किंगचंही तसंच. तासाला ६ गाड्या आणि प्रत्येक गाडी अडीच तास आवारात, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी १५ गाड्या आत. त्यातल्या साडेसात डॉकवर, उरलेल्या साडेसात यार्डात किंवा काट्यावर. सकाळच्या गर्दीसाठी याच्या दुप्पट जागा धरा. यार्डात १५ गाड्या उभ्या करून ट्रेलर वळवता येत नसेल तर सॉफ्टवेअरने गाड्या फाटकाबाहेरच धरायला हव्यात आणि तसा टप्पा आराखड्यात हवा.

कोडकोल्हापुरी

वरच्या गणिताला +१. एक तासाचा स्लॉट नको. पंधरा मिनिटांची एकेक खूण ठेवा आणि गाडीचा प्रकार, माल आणि भरण्याची पद्धत यावरून किती खुणा लागतील ते ठरवा. बेदाण्याची खोकी १५ किलोची. दहा टन म्हणजे ६६७ खोकी. ती हातानं एकेक लावणं आणि पॅलेटवरून फोर्कलिफ्टने चढवणं यांना एकच वेळ देऊन कसं चालेल?

माहितीची मांडणी अशी करा. सगळ्याचं मूळ ‘गाडी’ नको, ‘फेरी’ हवी. तीच गाडी एका दिवसात दोनदा येते. एका फेरीत एकापेक्षा जास्त कामं असतात: अर्धी हळद, अर्धा बेदाणा, दोन वेगळे डॉक. म्हणून गाडी, फेरी आणि डॉककाम असे तीन वेगळे तक्ते. फेरीचे टप्पे: अपेक्षित, फाटकावर हजर, आत घेतली, यार्डात उभी, डॉकवर बोलावली, डॉकवर लागली, काम सुरू, काम संपलं, डॉक सोडला, कागद तयार, बाहेर गेली. काट्याच्या दोन नोंदी यात कुठेही येऊ शकतात, त्यांना टप्प्यांच्या साखळीत अडकवू नका.

प्रत्येक टप्पा म्हणजे एक नवी नोंद. जुनी नोंद बदलायची नाही, पुसायची नाही. चूक झाली तर दुरुस्तीची वेगळी नोंद. आणि प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात: घटना घडली ती आणि सर्व्हरवर पोचली ती. वीज किंवा नेट गेलं की या दोन्हींत तासाचा फरक पडतो आणि हॉल्टिंगचा वाद नेमका तिथेच होतो.

एका डॉकवर एका वेळी एकच गाडी, हा नियम डेटाबेसमध्येच ठेवा, नुसत्या प्रोग्राममध्ये नको. दोन सुपरवायझर एकाच सेकंदाला बटण दाबतात तेव्हा प्रोग्राममधली तपासणी दोघांनाही होकार देते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे: डॉक तोच आणि वेळेचा पट्टा एकमेकांवर आला तर दुसरी नोंद नाकारली जाते. त्यासाठी बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. पण हा कडक नियम फक्त प्रत्यक्ष लागलेल्या गाडीला लावा. नियोजनात दोन गाड्या एकमेकींवर आल्या तर इशारा द्या, अडवू नका. नाहीतर सुपरवायझर पुन्हा वहीकडे वळतो.

वाराई_हिशेब

डॉक, डॉक, डॉक! हमाल कुठे आहेत यात?

डॉक मोकळा असला म्हणजे काम सुरू होतं असं नाही. टोळी मोकळी हवी. आठ डॉक आणि पाच टोळ्या असतील तर तुमचे खरे डॉक पाचच. रांगेचं गणित टोळ्यांवर मांडा, आकडे आणखी बिघडतील.

महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. टोळ्या माथाडी मंडळाकडे नोंदलेल्या, कामाची पाळी मुकादम लावतो. त्यामुळे सॉफ्टवेअरने ‘जवळची टोळी’ शोधून परस्पर काम वाटायला जाऊ नये, पहिल्याच दिवशी तंटा होईल. सॉफ्टवेअरने एवढंच करावं: कोणत्या डॉकला टोळी हवी आहे ते मुकादमाला दाखवावं आणि कोणती टोळी लागली, किती जण, कधी सुरू केलं, कधी संपवलं हे नोंदवावं. मुकादमाला तीन बटणांचा पडदा पुरे: टोळी लागली, थांबली, संपली. ‘थांबली’ला कारण निवडायची सोय हवी: जेवण, माल आला नाही, पाऊस, खोकी फुटली.

हिशेबही याच नोंदीतून निघतो. वजन किंवा नग गुणिले दर म्हणजे मजुरी, त्यावर मंडळाची लेव्ही. लेव्हीचा टक्का मंडळागणिक वेगळा असतो, मजुरीचे दर करारानुसार बदलतात. म्हणून दराच्या तक्त्यात ‘या तारखेपासून लागू’ हा रकाना हवाच. दर प्रोग्राममध्ये कोरून ठेवलात तर पुढच्या करारानंतर मागची सगळी बिलं चुकीची दिसायला लागतील. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) गाडीवाल्याने द्यायची की मालवाल्याने, हेही फेरीच्या नोंदीत आधीच लिहिलेलं असू द्या. गाडी भरून झाल्यावर हा वाद निघाला की ती डॉकवरच अडकते.

मिरजची_माई

वाराई_हिशेब यांच्याशी सहमत, त्यात कागदांची भर घालते. गाडी भरली, टोळी निघून गेली आणि गाडी डॉकवरच उभी. का, तर बिल तयार नाही. हा वेळ ‘लोडिंग’च्या नावावर टाकतात, म्हणून तो कुणाला दिसत नाही. काम संपल्याबरोबर गाडी डॉकवरून काढून कागदासाठी वेगळ्या खाचेत उभी करायची, असा टप्पा ठेवा. कोल्डच्या तीन डॉकवर हा नियम पाळला तर सव्वा तासातली मिनिटं तिथेच सुटतील.

ई-वे बिलाचं (मालवाहतुकीसाठी जीएसटीत ऑनलाइन काढायचा कागद) असं. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मुदत मिळते. पहिला दिवस संपतो तो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री. रात्री पावणेबाराला काढलेल्या बिलाला पहिल्या दिवसासाठी जेमतेम चोवीस तास मिळतात, बारा वाजून पाच मिनिटांनी काढलेल्याला जवळजवळ अठ्ठेचाळीस. रात्री उशिरा भरणाऱ्या गाडीला सॉफ्टवेअरने ही सूचना द्यावी. मुदत संपण्याच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्यातच मुदतवाढ मिळते. गाडी ऐनवेळी बदलली तर बिलाच्या भाग-ब मध्ये (गाडीचा तपशील) नवा नंबर भरल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. म्हणून बाहेर जाताना फाटकाच्या पडद्यावर तीन गोष्टी शेजारी-शेजारी हव्यात: समोर उभ्या गाडीचा नंबर, ई-वे बिलावरचा नंबर आणि काटापावतीवरचा नंबर. तिन्ही जुळले तरच दांडी उघडेल.

आत येतानाही तेच. ऑर्डर नंबर नसलेली गाडी आत घेतली की ती यार्डात दिवसभर जागा खाते. कागद फाटकाबाहेर तपासा.

कऱ्हाडचा_गाडीवान

चालकाच्या मोबाईल ॲपवर एक रुपया खर्च करू नका. येणारी गाडी बाजारातून उचललेली असते. चालक आज तुमच्याकडे, परवा होसूरला. तो तुमच्यासाठी ॲप का घेईल? बऱ्याच चालकांना मराठी वाचता येत नाही, कन्नड आणि तमिळवाले भरपूर. मोठ्या अक्षरांत टोकन नंबर छापलेली चिठ्ठी, यार्डात दिसेल असा फलक, आणि चालकाच्या भाषेत आपोआप जाणारा फोन. भाषा फाटकावर एका बटणाने निवडायची. एवढ्यात काम होतं. आणि एक स्पीकर चहाच्या टपरीकडे तोंड करून लावा, निम्मे चालक तिथेच सापडतात!

एसएमएस पाठवणार असाल तर मजकुराचा नमुना आणि पाठवणाऱ्याचं नाव डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) आधी नोंदवावं लागतं. नोंदलेल्या मजकुरापेक्षा फरक पडला की मेसेज अडतो. देवनागरी मेसेजमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. लांबलात की दोन मेसेजचे पैसे.

वेळ देताना दोन तासांचा पट्टा द्या. न्हावा शेव्याहून निघालेल्या गाडीला बोरघाट आहे, पुढे खंबाटकी आहे. एखादी गाडी घाटात बंद पडली की मागची सगळी लाईन तासन् तास अडकते. ‘अकरा म्हणजे अकरा’ म्हणून चालणार नाही.

आता हॉल्टिंग. घड्याळ कधी सुरू होतं ते करारात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच हवं. रास्त नियम असा: दिलेल्या पट्ट्याची सुरुवात आणि फाटकावर हजर झाल्याची वेळ, यांतली जी नंतरची ती. गाडी पहाटे चारला येऊन उभी राहिली म्हणून चारपासून हॉल्टिंग नाही. पण गाडी वेळेत आली आणि तुम्ही तिला फाटकाबाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर दोन तास थांबवलंत, तर ते दोन तास तुमचेच. आजच्या वह्यांत तो वेळ कुठेच दिसत नाही, कारण नोंद फाटक ओलांडल्यावर होते. टोकन बाहेरच द्या.

कुपवाडकर

फार मोलाचं मिळतंय. कऱ्हाडचा_गाडीवान, टोकन बाहेर देण्याचा मुद्दा पटला. ॲप काढून टाकतो.

वाराई_हिशेब आणि माई, तुमच्या दोघांच्या प्रतिसादांवरून एक रकाना सुचतोय: गाडी आत्ता कोणासाठी थांबली आहे. डॉक, टोळी, माल, कागद, काटा की चालक. हा रकाना हाताने भरायचा की टप्प्यांवरून आपोआप काढायचा?

कोडकोल्हापुरी

जमेल तिथे आपोआप. डॉक रिकामा नाही आणि गाडी यार्डात आहे, म्हणजे डॉकसाठी. बोलावून दहा मिनिटं झाली आणि लागली नाही, म्हणजे चालकासाठी. लागली पण टोळीची नोंद नाही, म्हणजे टोळीसाठी. डॉक सोडला पण कागद नाही, म्हणजे बिलिंगसाठी. फक्त काम मध्येच थांबल्याचं कारण मुकादमाने दाबायचं. प्रत्येक मिनिटाला कुणीतरी एक धनी असलाच पाहिजे. ‘इतर’ हा पर्याय ठेवूच नका, तो ठेवला की निम्म्या नोंदी तिथे जाऊन बसतात.

सबंध सॉफ्टवेअरचा गाभा हाच आहे. डॉकचा रंगीत तक्ता नंतर काढला तरी चालेल.

धर्मकाटा

काट्याकडे अजून कुणी वळलं नाही. पैसा तिथे मोजला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काट्याच्या इंडिकेटरमधून (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) वजन सहसा आरएस-२३२ केबलने येतं. वेग २४०० किंवा ९६००, कधी आठ बिट पॅरिटीशिवाय, कधी सात बिट ईव्हन पॅरिटी. इंडिकेटर सेकंदाला अनेक वेळा एक ओळ फेकत असतो: सुरुवातीची खूण, चिन्ह, आकडे, स्थिर आहे की नाही याची खूण, शेवटची खूण. काही इंडिकेटर आकडे उलट क्रमाने पाठवतात, म्हणजे ०१२३४० किलो हे ०४३२१० असं येतं. म्हणून आलेली कच्ची ओळ जशीच्या तशी नोंदीत साठवा आणि वजन तिच्यातून काढा. वाद झाला तर ती ओळ दाखवता येते. केबल यूएसबी कन्व्हर्टरवरून घेतली असेल तर ती दुसऱ्या खाचेत लावताच पोर्टचा क्रमांक बदलतो आणि ‘काटा बंद’ची ओरड होते. पोर्ट क्रमांकावर विसंबू नका, कन्व्हर्टरच्या अनुक्रमांकावरून तो शोधा.

वजन कधी घ्यायचं? गाडी चढण्याआधी काटा शून्यावर आलेला हवा. रिकाम्या काट्यावर २० किलो दिसत असतील तर प्लॅटफॉर्मखाली चिखल, दगड किंवा पाणी अडकलंय. सॉफ्टवेअरने तिथेच थांबवावं. मग दोन्ही टोकांचे प्रकाशकिरणाचे सेन्सर मोकळे हवेत, म्हणजे सगळी चाकं आत. मग सलग तीन सेकंद तोच आकडा आणि ‘स्थिर’ची खूण. तेव्हाच बटण उमटेल. आकडा टाईप करायची जागाच ठेवू नका. केबल तुटली तर हाताने नोंद करता यावी, पण इंडिकेटरचा फोटो, दोन जणांची संमती आणि पावतीवर ठळक ‘हाताने नोंद’.

रिकाम्या गाडीचं वजन दरवेळी नव्याने घ्या. मागच्या वेळचं वापरू नका. मधल्या काळात ३०० लिटर डिझेल भरलं तर अडीचशे किलोचा फरक पडतो, ओली ताडपत्री वेगळी, क्लीनर वर बसलाय की खाली उतरलाय तो वेगळा. मागची वजनं फक्त इशाऱ्यासाठी ठेवा: या गाडीच्या सरासरीपेक्षा दीडशे किलोहून जास्त फरक दिसला तर लाल पट्टी.

काटा १६ मीटरचा असेल तर ट्रेलर त्यावर मावतो का ते आधी मोजा. पुढचा भाग एकदा, मागचा एकदा चढवून बेरीज केलेलं वजन बिलाला धरू नका. उतारामुळे भार इकडचा तिकडे सरकतो.

वैधमापनाचा शिक्का दर बारा महिन्यांनी. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी पडद्यावर सूचना हवी. वळवाच्या पावसात वीज कोसळली की लोडसेल (काट्याखालचे भार मोजणारे सेन्सर) आणि इंडिकेटर दोन्ही जळतात, सोबत केबलवरून कॉम्प्युटरही. इंडिकेटर आणि कॉम्प्युटरमध्ये ऑप्टिकल आयसोलेटर (थेट विजेची जोडणी तोडून प्रकाशाने संदेश पोचवणारा) टाका आणि काट्याचं अर्थिंग स्वतंत्र घ्या.

मिरजची_माई

धर्मकाटा, जादा भाराचं राहिलं बघा. बाहेर जाताना एकूण वजन आरसी बुकातल्या मर्यादेशी ताडून पाहावं. २०१८ च्या बदलानंतर तीन ॲक्सलच्या दहाचाकीला २८.५ टन आहे, पण जुन्या गाड्यांच्या आरसीवर जुनाच आकडा असू शकतो. म्हणून प्रकारावरून अंदाज न करता त्या गाडीच्या आरसीचाच आकडा भरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहेत. तो चालवणाऱ्याला लागतो आणि चालवू देणाऱ्यालाही.

उसाची_मोळी

जरा वेगळ्या वाटेने येतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचं केनयार्ड हे यार्डचं सगळ्यात कठीण गणित आहे. तोडलेला ऊस वाळला की वजनही घटतं आणि साखरेचा उताराही, त्यामुळे रांग लांबली की थेट नुकसान. बैलगाड्यांची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, ट्रकची वेगळी आणि गव्हाणीत (ऊस गाळपासाठी टाकतात ती जागा) प्रत्येक रांगेतून ठरावीक प्रमाणात घ्यायचं. एकच रांग केली तर बैलं उन्हात उभी राहतात.

तुमच्या कामाचा मुद्दा ट्रॅक्टरचा. हळद घेऊन शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येणारच, मागे दोन ट्रॉल्या. नंबर ट्रॅक्टरचा, पण माल ट्रॉलीत. ट्रॉल्यांची अदलाबदल होते. म्हणून फेरीला ट्रॅक्टर आणि ट्रॉली वेगवेगळ्या जोडा आणि रिकामं वजन ट्रॉलीगणिक ठेवा. दुसरं, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना ट्रॅक्टर डॉकला मागे घेता येत नाही. एक ट्रॉली सोडावी लागते, ती कुठे उभी करायची ती जागा नकाशात हवी आणि सोडलेली ट्रॉली ‘यार्डात उभी’ म्हणून दिसायला हवी. तिसरं, ट्रॉलीचा तळ डॉकच्या खाली राहतो. तिला जमिनीवरूनच उतरवायची सोय द्या.

रांगेचं_गणित

उंचीचा मुद्दा पिकअपलाही लागू. डॉक १.२ मीटर उंच आणि लेव्हलर (डॉक आणि गाडीचा तळ जोडणारी पाटी) वर-खाली ३० सेंटीमीटर जात असेल तर तो ९० सेंटीमीटर ते दीड मीटर उंचीच्या गाड्यांनाच चालतो. पिकअप त्यात सहसा बसत नाही. म्हणजे डॉक आणि गाडीचा प्रकार यांचा जुळणी-तक्ता आधी भरायचा, मगच वाटप. आणि डॉकसमोर मोकळी जागा ट्रेलरच्या लांबीच्या दुप्पट नसेल तर तो डॉक ट्रेलरला देऊच नका.

हळदभात

वाचनखूण साठवली. कॅमेऱ्याबद्दल कुणी लिहा ना.

कोडकोल्हापुरी

कॅमेरा दुसऱ्या टप्प्यात. चिखलाने माखलेली प्लेट, रंगाऱ्याने मराठी आकड्यांत लिहिलेला नंबर, समोरच्या बंपरवर लोंबणारी मिरच्या-लिंबाची माळ, ट्रॅक्टरला प्लेटच नाही. कॅमेरा नंबर सुचवेल, वॉचमनने तो पक्का करायचा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत नंबरच्या रचनेवरूनच सुधारता येते: एमएच १० नंतर अक्षरं, शेवटी आकडे. फक्त बीएच मालिकेची रचना वेगळी आहे, तिथे सुरुवातीलाच आकडे येतात, तेवढं लक्षात ठेवा.

त्यापेक्षा फास्टॅगचा उपयोग करा. तो साधा यूएचएफ (रेडिओलहरींनी वाचला जाणारा) टॅग आहे, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. फाटकावर रीडर लावला की टॅगचा क्रमांक मिळतो. पहिल्या फेरीला वॉचमनने गाडी नंबर जोडायचा, पुढच्या वेळी गाडी आपोआप ओळखली जाते. पैशांशी काही संबंध नाही. रीडरचा जोर कमी ठेवा, नाहीतर मागच्या गाडीचाही टॅग वाचला जातो. ट्रॅक्टरला फास्टॅग सहसा नसतो, तिथे टोकनच.

तासगावची_बाग

४० फुटी ट्रेलरचा उल्लेख आहे, म्हणून निर्यातीच्या बाजूने लिहिते. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो, त्याचा फायदा घ्या. चार अक्षरं, सहा आकडे आणि सातवा तपासणीचा. अक्षरांना किमती आहेत: ए म्हणजे १०, मग बी १२, पुढे क्रमाने, पण ११ च्या पटीतले आकडे गाळायचे, म्हणजे ११, २२, ३३ नाहीत. पहिल्या स्थानाला १ ने गुणा, दुसऱ्याला २, मग ४, ८ असं ५१२ पर्यंत. बेरजेला ११ ने भागा, बाकी उरेल तो तपासणीचा आकडा, बाकी १० आली तर शून्य. उदाहरणार्थ सीएसक्यूयू ३०५४३८ ची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८३. फाटकावर एक आकडा चुकला की लगेच कळतं. बंदरावर गेल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरला यार्डात वीज हवी, थ्री-फेज, ३२ अँपियर. प्लग असलेल्या खाचा मोजक्याच असतात, म्हणून ‘प्लग’ हा डॉकसारखाच वेगळा साधन-प्रकार धरा. लावला कधी, काढला कधी, त्या वेळी पडद्यावर तापमान किती. सील नंबर फोटोसकट.

आणि बंदराची कट-ऑफ (कंटेनर पोचवायची शेवटची वेळ) असते. तिथे ‘आधी येईल तो आधी’ चालत नाही.

कऱ्हाडचा_गाडीवान

तासगावची_बाग, इथे मात्र असहमत. एकदा का ‘तातडीची गाडी’ हे बटण दिलं की ओळखीची प्रत्येक गाडी तातडीची होते. मागे उभ्या चालकाला काय दिसतं? आपण सहाला आलो आणि नऊला आलेली गाडी आत गेली. मग फाटकावर भांडण.

तासगावची_बाग

बटण नकोच, नियम हवा. कट-ऑफची वेळ बुकिंगच्या कागदावरून आधीच भरलेली असू द्या. कट-ऑफमधून प्रवासाचे तास आणि भरण्याचा वेळ वजा केला की ‘शेवटची सुटण्याची वेळ’ मिळते. ती जवळ आली तरच गाडी वर सरकेल. फलकावर त्या टोकनपुढे ‘निर्यात’ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे मागच्याला कारण कळतं. आणि एका गाडीला किती वेळा ओलांडायचं याला मर्यादा घाला. दोनदा ओलांडली गेली की तिसऱ्यांदा तिलाच घ्यायचं.

कऱ्हाडचा_गाडीवान

ही मर्यादा घातलीत तर माझी हरकत नाही.

वाराई_हिशेब

पुराचंही आत्ताच आखून घ्या. २००५ ला हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) पाणी शिरलं, २०१९ ला अर्धी सांगली पाण्यात होती. गोदाम कोरडं राहिलं तरी रस्ते बंद होतात. आत असलेल्या गाड्या निघू शकत नाहीत, येणाऱ्या वाटेत अडकतात. ‘रस्ता बंद’ अशी एकच नोंद केली की त्या दिशेच्या सगळ्या अपेक्षित फेऱ्या पुढे सरकाव्यात, हॉल्टिंगचं घड्याळ थांबावं आणि ट्रान्सपोर्टरला मेसेज जावा. एकेक फेरी हाताने बदलत बसायची ती वेळ नसते.

कुपवाडकर

मूळ प्रश्नाकडे येतो. पहिला टप्पा असा धरतोय: फाटकाबाहेर टोकन, फेरीचे टप्पे, काट्याची थेट नोंद, मुकादमाचा तीन बटणांचा पडदा, कागदाची वेगळी खाच आणि ‘कोणासाठी थांबली’ हा अहवाल. स्लॉटचं नियोजन, फास्टॅग आणि कॅमेरा नंतर. दोन शंका उरल्या. नेट गेलं तर? आणि चालू करायच्या दिवशी आत आधीच उभ्या असलेल्या गाड्यांचं काय?

कोडकोल्हापुरी

सर्व्हर गोदामातच ठेवा, निदान पहिल्या टप्प्याचा. फाटक, काटा आणि डॉक त्याच्याशी स्थानिक नेटवर्कने जोडा. बाहेरचं नेट फक्त मेसेज आणि ई-वे बिलासाठी. फाटकाचं यंत्र आणि नेटवर्कचा स्विच दोन्ही यूपीएसवर, स्विच विसरतात लोक. प्रत्येक नोंदीला यंत्रावरच यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याही नोंदीचा नसलेला क्रमांक) द्या, म्हणजे जोडणी परत आल्यावर तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी एकदाच बसेल. आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं त्याच सर्व्हरवरून जुळवा. दोन फाटकांत चार मिनिटांचा फरक पडला तर पुन्हा तीन वह्यांचीच गत.

धर्मकाटा

दुसऱ्या शंकेचं उत्तर: यार्ड सगळ्यात रिकामं असतं त्या रात्री चालू करा. एक जण टॅब घेऊन यार्डात फिरेल, उभ्या प्रत्येक गाडीची आणि सुट्या ट्रॉलीची नोंद ‘सुरुवातीची’ या खुणेने करेल, जागेच्या क्रमांकासकट. ज्या गाड्यांचं एक वजन जुन्या वहीत झालंय त्यांचा आकडा ‘हाताने नोंद’ म्हणून चढवा, वहीच्या पानाचा फोटो जोडून. या सगळ्या फेऱ्या सरासरीतून वगळायच्या. जुनी वही पुढचे काही दिवस फाटक क्रमांक एकवरच चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी वहीतल्या गाड्या आणि सर्व्हरवरच्या गाड्या नंबरानिशी ताडून पाहा. आकडा जुळला तरी नंबर जुळतातच असं नाही, म्हणून एकेक नंबरावर टिक करा.

कुपवाडकर

धर्मकाटा, फाटक दोनवर वही का नको?

धर्मकाटा

वही हाताशी असली की वॉचमन आधी वहीत लिहितो आणि सवड मिळाली की मशीनवर चढवतो. मग नोंदीची वेळ सवडीची येते, गाडीची नाही. एका फाटकावर तो धोका पत्करायचा तो पडताळणीसाठी. दुसऱ्यावर पहिल्या दिवसापासून फक्त मशीन, आणि टोकनचा प्रिंटर बिघडला तर हाताशी १ ते १०० छापील क्रमांकांची चिठ्ठी-गड्डी.